नऊ नंबरचे बूट

मार्च आला की आमच्या कंपनीतली माणसं चेकाळतात. एरवी एक झाडू मागितला तर "खरंच लागतोय का, हिराताई?" म्हणून कपाळाला आठ्या घालणारे साहेब मार्चच्या मध्यावर स्वतः फोन करतात, "अहो, काही हवंय का तुम्हाला? पटकन सांगा, बजेट पडून आहे." म्हणजे वर्षभर उपास आणि शेवटी पंगत. बरं, पंगतीत काय वाढायचं तेही वाढणाराच ठरवणार. आपण फक्त पान मांडून बसायचं.

मी हिरा ओव्हाळ, राहणार येरवडा. बांधकामाच्या कंपनीत स्टोअर सांभाळते. सध्या हिंजवडीच्या पुढे, माणच्या रस्त्याला एका आयटी कंपनीची इमारत उभी राहतेय, तिथे आहे. स्टोअर म्हणजे पत्र्याचा एक लांबलचक कंटेनर. उन्हाळ्यात आत अंडं उकडेल आणि पावसाळ्यात पोहेल. मला तोंड आहे असं लोक म्हणतात. आहेच. स्टोअरवाल्या बाईला तोंड नसेल तर महिनाभरात रॅकसकट स्टोअर पळवून नेतील.

तर मार्चएंडची खरेदी. एका वर्षी एवढ्या ताडपत्र्या आल्या की अख्ख्या हिंजवडीला झाकता आलं असतं. एका वर्षी वेल्डिंगचे काळे गॉगल आले, पोतंभर. वेल्डर साइटवर एकच, आणि तो स्वतःचा गॉगल घरून आणतो. पण या सगळ्यांचा राजा म्हणजे बूट. सेफ्टी बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले, काळे, नऊ नंबरचे. दरवर्षी बुटांची ऑर्डर जाते आणि तिच्यावर दोनच शब्द असतात, "मागच्या वर्षीप्रमाणे". कंपनी सुरू झाली तेव्हा कुणीतरी नऊ नंबर मागवले असतील, त्याच्यापुढे कुणी विचार केला नाही. आठवाले गडी जाड मोजे घालून निभावतात आणि दहावाले शिव्या देऊन.

आणि बायका? त्यांना कुणी धरलंच नव्हतं. आमच्या साइटवर विटा, रेती, घमेली वाहणाऱ्या चौदा-पंधरा बायका आहेत. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर हेल्मेट आणि पायात रबरी स्लीपर. काहीजणींनी माझ्याकडून नऊ नंबर नेऊन पाहिले. पुढे फडकं कोंबायचं आणि बोटं आवळून चालायचं, म्हणजे बूट पायात राहतो. माझाही असा एक जोड कंटेनरच्या दारामागे असतो, साइटवर राउंडला जाताना घालायला. संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात, पण खिळ्यापेक्षा बरं. फेब्रुवारीत गोदाबाई शिडी चढत असताना तिचा बूट निसटला आणि धाडकन खाली पडला. बूटच पडला म्हणून सगळे हसले. मला नाही हसू आलं.

मार्चच्या सुरुवातीला त्या आयटी कंपनीचं पत्र आलं, एक एप्रिलपासून पायात मापाचे सेफ्टी बूट नसतील त्या माणसाला गेटातून आत सोडणार नाही. त्यांचा सेफ्टी ऑफिसर गेटवर उभा राहून टाचेत अंगठा घालून बघणार, बूट ढिला निघाला की माणूस परत.

आमचे खरेदीचे साहेब अभय यांनी लगेच मीटिंग घेतली. मीटिंग म्हणजे माझ्याच कंटेनरमध्ये आम्ही तिघं. अभय सर, मी आणि लेबरचा मुकादम वैजनाथ. अभय सर वयाने माझ्या भाच्याएवढे, माणूस वाईट नाही, पण एक्सेलच्या बाहेरचं जग त्यांना जरा धूसर दिसतं.

"बुटांचं सिंपल आहे," अभय सर म्हणाले. "ऑर्डर दरवर्षीसारखी टाकून देतो."

"आणि बायका?" मी विचारलं.

वैजनाथ दाराशी तंबाखू मळत होता. "बायकांचं काय एवढं! एक तारखेपासून बंद करू. त्यांच्या जागी पोरं आणतो. पोरान्ला नऊ नंबर बसतो. कटकटच नको."

किती सहज म्हणाला! जुना पंखा काढून नवा लावावा तसा. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "वैजनाथ, पाय बसत नाही म्हणून माणूस बदलतोस? बूट बदलायचं नाही सुचत?"

"आता लेडीज बूट कुठनं आणू मी? हितं काय लग्नाला आल्यात का?"

"तू नको आणूस. तू तंबाखू आण."

अभय सरांनी हात वर केले. "हिराताई, प्लीज. मला प्रॉब्लेम नाही. पण एकतीसच्या आत माल आत यायला हवा, नाहीतर बजेट लॅप्स. तुम्ही मला बायकांचे नंबर आणून द्या, मी बघतो. नाही मिळाले तर मग वैजनाथ म्हणतोय तसं करावं लागेल. माझा नाइलाज आहे."

म्हणजे गोष्ट एवढीच होती. एकतीसच्या आत बायकांच्या मापाचे बूट आले तर बायका राहणार, नाही आले तर एक एप्रिलला गेटाबाहेर. आणि गेटाबाहेर गेलेल्या बाईला परत कोण बोलावतंय?

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच वही-पेन घेऊन साइटवर गेले. पहिली गोदाबाई भेटली. वाशीमकडची, हडकुळी, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिची मुलगी नम्रता तिकडे नर्सिंगला आहे, शेवटचं वर्ष. तिच्या फीसाठीच ही बाई एवढ्या लांब येऊन विटा वाहते.

"गोदाबाई, तुमच्या पायाचा नंबर काय?"

"नऊ," गोदाबाई म्हणाली. तिने डोळ्याला डोळासुद्धा भिडवला नाही.

मी तिच्या पायाकडे बघितलं. पाय कसला, पाऊल होतं ते, शाळकरी पोरीएवढं. "नऊ?"

"हो ताई. मले नऊच लागते."

पुढची मुक्ता. "नऊ." तिच्यापुढची आनंदी. "नऊ." एकेकीला विचारत गेले आणि एकेक बाई शाळेत पाठ म्हणावा तशी नऊ, नऊ, नऊ. शेवटची तर विचारायच्या आधीच म्हणाली. मी चिडून वही मिटली. अहो, इतके एकमताचे ठराव महानगरपालिकेतसुद्धा होत नाहीत!

अभय सरांना सांगितलं तर ते खूशच झाले. "बघा! म्हणजे आपली ऑर्डर बरोबरच आहे की. मागच्या वर्षीप्रमाणे टाकून देतो."

"थांबा," मी म्हटलं. "ह्या खोटं बोलताहेत."

"स्वतःच्या पायाबद्दल कोण खोटं बोलेल, हिराताई?"

ह्याचं उत्तर शोधल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत गोदाबाई एका बाजूला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. तिच्या मांडीवर बूट होता आणि ती पुढच्या टोपीत जुन्या साडीचा बोळा ठासत होती. तो तिने टाचेकडेही घातला. मग पाय घालून उभी राहिली, दोन पावलं चालली, पाय बाहेर निसटला, परत बसली आणि आणखी चिंधी शोधायला लागली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "गोदाबाई, खरं सांगा. मी काही मुकादम नाही."

तिने बूट पदराखाली लपवला. म्हणजे बघा, कंपनीने दिलेला बूट, आणि चोरीचा असल्यासारखा लपवतेय!

"ताई, मुकादमानं सांगतलं," ती हळूच म्हणाली. "कंपनीत नऊ नंबरच येते. जिच्या पायाले नऊ होते ते राहीन, बाकीच्यायनं आपापलं बिस्तर बांधावं. मंग काहून सांगावं लहान? मी सरावच करून राहिलो ना, एक तारखेपर्यंत जमते मले. नम्रताचं एकच वर्ष राहिलं."

ती अंगठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. बूट पायाला होत नाही म्हणून पाय बुटाला करायला निघाली होती. आणि ही एकटी नाही, सगळ्याच. मला राग आला, तिचा नाही, कुणाचा ते मला तेव्हा सांगताही आलं नसतं.

माझी आई, सुशीलाबाई, हिने औंध-बाणेरच्या कितीतरी बिल्डिंगांवर घमेली वाहिली. एकदा तिच्या पायात सळई घुसली. तिने हळद भरली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली, कारण गेली नसती तर तिच्या जागी दुसरी उभी होती. मी त्या पायांवर बारावी झाले. आजही ती पाय जरा वाकडाच टाकते आणि विचारलं तर म्हणते, "जन्माचाच आहे गं." हीसुद्धा स्वतःच्या पायाबद्दल खोटंच बोलते. अभय सरांच्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं माझ्या घरातच होतं.

मी उठले आणि सगळ्या बायकांना कंटेनरसमोर बोलावलं. सुताराकडून प्लायचा एक मोठा तुकडा आणि त्याची जाड पेन्सिल मागून घेतली. प्लाय जमिनीवर टाकला.

"ऐका," मी म्हटलं. "नऊ नंबर कुणाला म्हणजे कुणाला मिळणार नाही. गेटवरचा साहेब टाचेत अंगठा घालणार आहे. बोळे घालून पास होणार नाही कुणी. प्रत्येकीने इथे पाय ठेवायचा, मी रेघ मारणार. जसा पाय आहे तसा. लाज वाटायला काय झालं, काही चोरून आणलेले नाहीत पाय."

कुणी हलेना. सगळ्या एकमेकींच्या पदराआड.

"गोदाबाई, पहिला पाय तुमचा."

गोदाबाईने प्लायकडे विहिरीत बघावं तसं बघितलं. "अन् बूट नाही आले तं, ताई? आता तं नऊ म्हणून नाव लिहिलं हाय. पाय दाखवला अन् बूट नाही आले, तं मी पयलीच जाईन."

हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तिला कुठल्या भरवशावर पाय दाखवायला सांगत होते? माझ्याकडे बूट नव्हते, दुकान नव्हतं, साहेबाचा शब्द होता तोही अर्धाच. पण तोंड होतं ना! तोंडाने म्हटलं, "नाही आले तर एक तारखेला मीसुद्धा तुमच्याबरोबर गेटाबाहेर बसेन. ओव्हाळांच्या पोरीचा शब्द आहे."

गोदाबाईने स्लीपर काढली, पाय पदराने पुसला आणि प्लायवर ठेवला. देवळाची पायरी चढताना ठेवतात तसा. मी वाकून रेघ मारली आणि आत नाव लिहिलं, गोदाबाई. एवढंसं पाऊल, पण पंजा रुंद, बोटं पसरलेली. आयुष्यात कधी बंद बूट न घातलेल्या माणसाचा पाय तसाच असतो.

मग सगळ्या आल्या. आधी लाजत, मग हसत, मग "माझा आधी घ्या, जेवायचं राहिलंय" म्हणून भांडत. शेवटचा पाय झाला तेवढ्यात अभय सरांचा मला फोन आला, मी कंटेनरमध्ये गेले. बोलून परत आले तर सगळ्या तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. माझी चप्पल दारात सोडली होती, ती उलटी पडलेली.

"हसायला काय झालं? सुट्टी संपली. चला!" मी चप्पल सुलटी करून पायात घातली.

दुसऱ्या दिवशी मी तो प्लाय रिक्षात आडवा घालून ऑफिसला नेला. रिक्षावाला म्हणाला, "बाई, फर्निचर टेंपोने न्यायचं असतं." मी म्हटलं, "सल्ला फुकट असेल तर द्या, मीटरमध्ये धरणार असाल तर नको." प्लाय थेट अभय सरांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या कॉम्प्युटरच्या पुढ्यात.

त्यांनी गोदाबाईच्या रेघेवर आपला तळहात ठेवला. पाय त्यांच्या हातापेक्षा थोडासाच मोठा होता. "मग सगळ्यांनी नऊ का सांगितलं?"

"कारण आपण नऊच आणतो."

कॉम्प्युटरवर ऑर्डर तयारच होती. त्यांनी ती पुसली आणि खुर्चीवरचं जाकीट उचललं. "चला, सलिलशेठकडे जाऊ. आता मुद्दाम गेलो नाही तर पोरांना बूट मिळतील पण बायकांना मिळणार नाहीत." पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल जरा बरं वाटलं.

सलिलशेठचं दुकान भवानी पेठेत. हेल्मेट, हातमोजे, दोर, बूट, सगळं छतापर्यंत. मार्चएंडची ही गर्दी. फोन एका कानाला, दुसरा फोन दुसऱ्या कानाला. आमच्याकडे बघून त्याने भुवई उडवली, म्हणजे काय ते बोला आणि निघा.

"बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट आहेत?" मी विचारलं.

"आहेत."

मी आणि अभय सर एकमेकांकडे बघतच राहिलो. मी म्हटलं, "आहेत? अहो, मग इतकी वर्षं दिले का नाहीत?"

"इतकी वर्षं मागितले का नाहीत?" सलिलशेठ फोन खाली न ठेवता म्हणाला. "चाकणला गाड्यांच्या कारखान्यात अख्खी लाइन मुलींची आहे. तीन, चार, पाच नंबर, सगळे देतो. तुमच्या ऑर्डरवर काय असतं? मागच्या वर्षीप्रमाणे. मागच्या वर्षी नऊ नेलेत, या वर्षी नऊ दिले. मी काय पत्रिका बघून माल देऊ?"



मी प्लाय काउंटरवर चढवला. सलिलशेठने फोन ठेवला. आतून दोन-चार जोड आणून एकेका रेघेवर ठेवून बघितले आणि मान हलवली. "चाकणच्या पोरींचे पाय अरुंद आहेत. या बायकांना रुंद पंजाचा लागेल. तो इथे नाही, भिवंडीच्या गोडाउनला आहे. आणि मार्चमध्ये सुटे जोड मी काढत नाही. अख्खी पेटी घ्या, प्रत्येक नंबरची."

"अहो, पेट्या घेऊन काय करू? पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा तेच, फक्त नंबर लहान!"

"तो तुमचा प्रश्न."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "नऊ? नाहीत हो. आठ दिवस झाले. सगळ्या भोसरीला आत्ताच नऊ हवेत, मी काय स्वतः शिवू?" त्याने वैतागून फोन ठेवला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सलिलशेठ, नऊ नंबर हवेत तुम्हाला? किती हवेत?"

"तुम्ही विकायला बसलात की काय?"

"विकायला नाही, बदलायला. माझं स्टोअर नऊ नंबरने भरलंय. खोकीसुद्धा उघडलेली नाहीत. ते घ्या आणि या प्लायवर जेवढे पाय आहेत तेवढे सुटे जोड द्या."

सलिलशेठने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग अभय सरांकडे. अभय सर हिशेबातले पक्के, लगेच म्हणाले, "क्रेडिट नोट करू, जुन्या बुटांची रक्कम नव्या बिलातून वजा. आणि बजेट जे उरेल त्यात बायकांच्या मापाचे हातमोजे आणि पोरांसाठी खरे आठ आणि खरे दहा." मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी सलिलशेठ स्वतः साइटवर खोकी बघायला आला. जुन्या वर्षांचे बूट काढून त्याने सोल अंगठ्याने दाबला तर खारी बिस्किटासारखा चुरा झाला. "हे पडून पडून वाया गेलेत," तो म्हणाला. "बूट ठेवले तरी मरतात, बाई. घातले तर जगतात." पण मागच्या वर्षीची खोकी चांगली निघाली. तेवढ्यात सौदा बसला. प्लाय तो टेंपोत घालून घेऊन गेला, मापं लावायला.

"एकतीसच्या आत," मी बजावलं.

"एकतीसला अख्खं पुणं टेंपोवर बसलेलं असतं," तो म्हणाला. "बघू."

हा "बघू" मला पुढे कितीतरी दिवस खात होता. बायका रोज सकाळी येताना कंटेनरमध्ये डोकावायच्या. विचारायच्या काही नाहीत, नुसत्या डोकावायच्या. वैजनाथने पोरं बोलवून ठेवली होती, हे मला चहावाल्याकडून कळलं. मी वैजनाथला काही बोलले नाही, यावरून माझी काय अवस्था होती ते समजा.

एकतीसला सकाळपासून मी दर थोड्या वेळाने सलिलशेठला फोन लावत होते. दुपारी त्याने सांगितलं, टेंपो निघालाय. मग हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे एकेक इंच सरकत होता. सुट्टी झाली. बायका घरी जाईनात. कंटेनरसमोर वाळूच्या ढिगावर ओळीने बसून राहिल्या. गोदाबाईने आपली पिशवी आवळून मांडीवर घेतली होती, गाडीला निघालेल्या माणसासारखी. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी उजेड सरत आला तेव्हा टेंपो आत शिरला. वर प्लाय, खाली खोकी. सलिलशेठने प्रत्येक खोक्यावर प्लायवरचं नाव लिहिलं होतं. मी नावं वाचत गेले आणि बायका येऊन खोकी घेत गेल्या. गोदाबाईने तिथेच वाळूत बसून बूट घातले. मी टाचेत अंगठा घालून बघितला. अंगठा गेला नाही. ती उभी राहिली, चार पावलं चालली, मग उगीचच आणखी चार. मग शिडीवर चढून उतरून आली.

"चावते का?" मी विचारलं.

"नाही जी. ह्यो तं मलेच ओळखते," गोदाबाई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मलाही रडू आलं, लपवलं नाही. अभय सर फोनमध्ये बघत उभे होते, पण फोन बंद होता.

सगळ्यांचे बूट झाले आणि एक खोकं उरलं. त्याच्यावर नाव नव्हतं. सलिलशेठने लिहिलं होतं, "नाव नाही".

झालं, माझं टाळकं सरकलं. "ह्या सलिलशेठला मोजता येत नाही का? जेवढे पाय तेवढे जोड, एवढं सरळ सांगितलं होतं. आता हे माझ्या स्टोअरमध्ये पडणार आणि..."

"हिराताई," अभय सर म्हणाले. "त्याचं बरोबर आहे. प्लाय बघा."

मी प्लाय बघितला. अगदी कोपऱ्यात, सगळ्यांच्या खाली, आणखी एक पाऊल होतं. रेघ जरा वेडीवाकडी. आत नाव नाही, कारण काढणाऱ्या बाईला लिहिता येत नव्हतं. नावाच्या जागी एक चप्पल काढलेली होती, अंगठ्याच्या पट्ट्यासकट, त्या दिवशी दारात उलटी पडली होती तीच. माझी.

मी वळले. सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

"गोदाबाई, हा काय चावटपणा?"

"चावटपणा काहून? तुमी म्हणल्या ना, बूट नाही आले तं मी बी गेटाबाहेर बसन. मी म्हणलं, ताई तं तशाही बाहेरच बसणार हाय. बूट आले तरी. तुमाले तरी कुठं होते मापाचे? ते दारामागचे नऊ नंबर घालून जाणार होत्या, बोळे कोंबून?"

वाळूवर एवढा हशा पिकला की वॉचमन धावत आला. अहो, साइटवरच्या सगळ्यांची मापं मी घेतली, सगळ्यांसाठी भांडले, आणि स्वतःचे पाय माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. मी स्वतःला विचारलं असतं तर मीही नऊच सांगितलं असतं.

खोकं घेऊन मी येरवड्याला गेले. आईने एक बूट हातात घेतला, आत हात घालून बघितला, मग म्हणाली, "जरा मोठा घ्यायचा गं. वाया जात नाही." मी म्हटलं, "नाही आई. आता मोठा नाही घ्यायचा." मी तिचा तो वाकडा पाय मांडीवर घेतला आणि वर्तमानपत्रावर रेघ मारली. "मला कशाला आता या वयात?" म्हणाली, पण पाय मागे घेतला नाही.

एक एप्रिलला सकाळी गेटवर रांग होती. सेफ्टी ऑफिसर प्रत्येकाच्या टाचेशी वाकत होता. गोदाबाई स्लीपर घालूनच आली होती. बूट खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी काखेत. "रस्त्यात झिजन ना," म्हणाली. रांगेतच बसून घातले. नाडी बांधता येईना, तेव्हा तिने विटांच्या चुंबळीला मारतात तशी घट्ट गाठ मारली. ऑफिसरने अंगठा घालून बघितला, मान हलवली आणि ती आत गेली. मग मुक्ता, मग आनंदी, मग एकेक करून सगळ्या. पलीकडे वैजनाथ बोलावलेल्या पोरांना परत कसं पाठवायचं ते बघत होता. शेवटी त्यांनाही त्याने आत घेतलं, स्लॅबचं काम वाढलं होतं.

माझा नंबर आला. ऑफिसर म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्टाफ. तुम्ही जा तशाच."

"तशाच नाही," मी म्हटलं. "बघा नीट."

त्याने बघितलं. अंगठा गेला नाही. मी गेटातून आत पाऊल टाकलं आणि सवयीने बोटं आवळली, बूट निसटू नये म्हणून. तो निसटत नव्हता. मग मी बोटं सोडली आणि चालायला लागले.